सफेदा आणि लवंगेचं तेल

वडसा,
मंगळवार

प्रिय दीपू,

तुझ्या कुंतामावशीच्या हातचं हे तिसरं पत्र. पहिली दोन नाटकातली. त्या कागदांवर काहीच लिहिलेलं नसायचं, मी आपली कोऱ्या कागदाकडे बघून रडायची अन् टाळ्या घ्यायची. हे मात्र खरं आहे, शाई सांडून, खाडाखोड करून लिहिलेलं. फोन काऊन नाही केला म्हणशील. फोनवर मला अभिनय करता येतो गं, लिहिताना येत नाही, म्हणून. आणखी एक कारण आहे, ते मागाहून सांगते.

आधी तू लावलेल्या दाताची खबर घे. तू रागावशील, पण आज सकाळी मी त्याच दातानं बोर फोडलं. दहा महिने झाले, जागचा हलला नाही. "सासूबाई" म्हणताना शिट्टी वाजत नाही, थंड पाण्यानं ठणकत नाही, अन् आरशात बघितलं की मला स्वतःलाच ओळखू येत नाही की समोरच्या दोनांतला तुझा कोणता आणि देवाचा कोणता. तंबाखूचा खर्राही सोडला. पूर्ण सोडला, हसू नको! पन्नाशीच्या बाईला समोरचा दात नसला की झाडीपट्टीच्या नाटकात तिला एकच भूमिका मिळते, म्हातारीची, तीही दोन वाक्यांची. तू मला त्यातून वाचवलंस. यंदाही मंडळानं मला तीच सासूची मोठी भूमिका दिली आहे, पोस्टरवर फोटो आहे, अन् फोटोत मी दात दाखवून हसते आहे. हे सगळं तुझं देणं आहे, पोरी. आणि ते मी ज्या रीतीनं फेडलं, त्याची लाज वाटते म्हणून हा कागद समोर घेतला.

या महिन्याच्या सुरुवातीला जीपवाला दिनेश सांगत होता, ब्रह्मपुरीत तुझ्या दवाखान्यावर "जागा भाड्याने देणे आहे" अशी पाटी लागली. महिन्याअखेरीस जागा सोडून तू नागपूरला मोठ्या दवाखान्यात नोकरीला जाणार म्हणे. त्याला मी विचारलं, काऊन रे बाप्पा, चांगली चालत होती ना? तर तो स्टेअरिंगवर हात ठेवूनच म्हणाला, "अवो कुंताबाई, दात उपटाले येतेत लोकं तिच्याकडं, बसवाले कोणी येत नाई. तुमीच तं सांगतलं स्टेजवरून." त्यानं ते चेष्टेत म्हटलं, अन् पुढे आरमोरीपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड काढून बसले. दिनेशला वाटलं मला गाडी लागली.

सुरुवातीपासून सांगते, कारण तुला ठाऊक नाही असं यात बरंच आहे. गेल्या हंगामात एका प्रयोगात प्रफुलची लाकडी तलवार माझ्या तोंडावर बसली अन् समोरचा अर्धा दात तुटून माझ्या तळहातावर आला, ते तुला माहीत आहे. त्याच प्रयोगाचा दुसरा अंक मी त्याच दातानं केला, हे माहीत नाही. तुझ्या बाबांनी केलं ते. दादाजीभाऊंनी आपली मेकअपची पेटी उघडली, तोंडाला लावायच्या सफेद्याची चिमूटभर भुकटी घेतली, त्यात लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकले, काडीनं घोटून घोटून गोळी केली अन् तुटका तुकडा जागच्या जागी बसवून बोटानं दाबून धरला. प्रयोगात कोणाचा दात पडला की ते तसंच करायचे, त्यांच्या गुरूकडून आलेली रीत. गोळी कडक झाली, ठणका थांबला. चार दिवस टिकला गं तो! सगळं मंडळ दादाजीभाऊंच्या पाया पडायला निघालं. अन् ते लाजून ब्रश धूत बसले अन् म्हणाले, "माही पोरगी दात लावते, मी मिशा लावतो. येक दिवस मीबी दात लावला, त्याच्यात काय येवढं."

मग मी तुझ्याकडे आले. तू रूट कॅनल केलंस, माप घेतलंस, दातावर टोपी बसवलीस. मला शिकवावं तसं सगळं समजावत होतीस, आठवतं? निळं जेल लावून धुतल्यावर दात खडूसारखा पांढरा होतो, त्याला डोळ्याला न दिसणारी छिद्रं पडतात, त्या छिद्रांत ही राळ शिरते अन् निळ्या उजेडानं दगडासारखी घट्ट होते, थुंकीचा एक थेंब मध्ये आला तरी सगळं वाया. मी तोंडात कापसाचे बोळे घेऊन हुं हुं करत होते. मनात म्हणत होते, केवढीशी होती ही! कपड्यांच्या ट्रंकेमागे झोपायची. हिचा पहिला दुधाचा दात मी राणीच्या शालूच्या जरीनं बांधून काढला होता, अन् ही रडायच्या ऐवजी त्याच्या मुळाकडे टक लावून बघत बसली होती. अन् आज माझ्या तोंडात बॅटरी मारते आहे. लय अभिमान वाटला. तू मला जाताना विचारलंस, मावशी, तुटल्यावर दाताला काही लावलं होतं का? मी मान हलवली. नाही म्हटलं.

का नाही म्हटलं? तुझ्या बाबांनी शपथ घातली होती. "दीपूले नोको सांगजो, म्हणंल बाबा डॉक्टरी करून राह्यले." त्यांना लेकीसमोर हलकं व्हायचं नव्हतं, अन् मला त्यांना हलकं होऊ द्यायचं नव्हतं. एवढीच गोष्ट. आम्हाला काय ठाऊक की त्या एवढ्याशा नाहीनं काय होणार आहे!

आठव्या दिवशी टोपी हातात आली. लगेच तुझ्याकडे यायचं, तर सलग चार गावांचे प्रयोग. दादाजीभाऊंनी पुन्हा पेटी उघडली. चार दिवस त्यांच्या गोळीवर काढले अन् पाचव्या दिवशी ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर नळापाशी उभी राहून मी स्वतःच ती टोपी उचकटून काढली, आतलं पांढरं खरडलं, खळाखळा चुळा भरल्या, पदरानं टोपी पुसली अन् तुझ्यासमोर येऊन म्हणाले, आत्ता सकाळीच पडली गं. असं एकदा नाही, तीनदा केलं. बसस्टँडवरची चहावाली ओळखायला लागली होती मला, दुरूनच लोटा भरून ठेवायची. अन् तू दर वेळी खाली मान घालून म्हणायचीस, माझंच काही चुकत असेल मावशी, मी नवीन सिमेंट मागवते. पुस्तकं काढून बसायचीस. तुझ्या टेबलावर नागपूरच्या तुझ्या सरांना लिहिलेला कागद मी पाहिला होता, त्यात माझ्या दाताचं चित्र होतं. तरी मी गप्प.

गप्प राहिले असते तरी चाललं असतं, पण माझी जीभ! तिसऱ्यांदा टोपी पडली तेव्हा मी चिडले होते. ब्रह्मपुरीचाच प्रयोग, मंडप खचाखच. जावयाचा प्रवेश सुरू होता अन् माझ्या तोंडून निघून गेलं, "जावईबापू, माह्या पोरीचं नातं पक्कं जोडा बाप्पा! दीपिका डॉक्टरीणबाईनं जोडलेल्या माह्या दातासारखं नोको!" अन् मी टोपी काढून दाखवली. दीपू, आयुष्यात मला तेवढा हशा कधी मिळाला नव्हता. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. निर्मात्यानं विंगेतून अंगठा दाखवला. दुसऱ्या दिवशी ते वाक्य संहितेत चिकटवलं गेलं, प्रॉम्प्टरच्या वहीतसुद्धा. त्या विंगेत तुझे बाबा उभे होते, हातात माझ्या पुढच्या प्रवेशाची पावडर घेऊन. अंक संपल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी माझा घाम टिपला, कुंकू नीट केलं. रोज मेकअप करताना ते गुणगुणतात, ते तेवढं त्या दिवसापासून बंद झालं. मला वाटलं घसा बसला असेल. असं वाटून घेणं सोयीचं होतं ना!

चौथ्यांदा तुझ्याकडे आले तेव्हा ते वाक्य तुझ्यापर्यंत पोचलेलं होतं. मला तुझ्या डोळ्यांवरून कळलं. तू एवढंच म्हणालीस, बसा मावशी. टोपी हातात घेतलीस, दिव्याखाली धरलीस, अन् मग नाकाशी नेलीस. तेव्हा तू थबकलीस. खिडकीकडे तोंड करून उभी राहिलीस. मला वाटलं आता ही मला हाकलणार. तू वळलीस तेव्हा शांत होतीस. फक्त सांगितलंस की आज कच्च्या सिमेंटवर बसवते, यात लवंग नाही, पंधरा दिवस हेच राहू द्या, पडली तर कोणाकडूनही काही लावून न घेता तडक माझ्याकडे या, अर्ध्या रात्री या. "कोणाकडूनही" या शब्दावर तू जरा जोर दिला होतास. पंधरा दिवसांनी तू मला एका सकाळभर खुर्चीत बसवलंस, दाताभोवती रबराचा पडदा ताणलास, अन् जी टोपी बसवलीस ती आजपर्यंत हलली नाही.

अन् मी काय केलं माहीत आहे? दात टिकला तरी वाक्य सोडलं नाही. टाळी मिळत होती ना! होळीपर्यंत बावीस प्रयोगांत मी ते म्हटलं. तू बसवलेला घट्ट दात तोंडात ठेवून म्हटलं, अन् दाखवायला खोटा दात पदरात ठेवत होते. यापेक्षा जास्त काय लिहू. कान धरायला तू समोर नाहीस.

कळलं ते पावसाळ्यात. एटापल्लीला बहिणीकडे गेले होते, तिची मुलगी सोनू दातानं हैराण. दातांचं शिबिर आलं होतं, तिला घेऊन गेले. तिथल्या पोरगेल्याशा डॉक्टरनं तिचं तोंड उघडल्याबरोबर विचारलं, लवंगेचं तेल लावता का? बहीण म्हणाली, हो, रोज लावतो. तो म्हणाला, मग आज पक्कं भरणार नाही, लवंग दातात मुरलेली असली की आमची राळ कच्चीच राहते, वरून घट्ट दिसते अन् आठ दिवसांत सुटते. कमीत कमी दोन आठवडे लवंग बंद ठेवा, मग या. अन् मग हसत म्हणाला, जुन्या डॉक्टरांचं कच्चं सिमेंटच मुळी झिंकची पांढरी भुकटी अन् लवंगेचं तेल घोटून होतं. मी तिथल्या बाकावर बसले. पांढरी भुकटी. लवंगेचं तेल. दादाजीभाऊंची पेटी. अन् तुझं ते नाकाशी टोपी नेणं. तू त्याच पेटीच्या वासात वाढलीस पोरी, तुला क्षणात कळलं असणार की हे कोणाच्या हातचं आहे. तुला नुसतं म्हणायचं होतं की दोष माझा नाही, माझ्या बाबांनी लावलेल्या तेलाचा आहे. ब्रह्मपुरीतल्या पाच जणांना सांगितलं असतंस तरी तुझं नाव वाचलं असतं. तू नाही सांगितलंस. बापाच्या हाताला बट्टा लागू नये म्हणून आपल्या हाताला लावून घेतलास. अन् मी वर त्याच्या टाळ्या घेतल्या.

मी ठरवलं, जिथं घाण केली तिथंच धुवायची. यंदा ब्रह्मपुरीचा प्रयोग याच महिन्याच्या दहा तारखेला होता. तुझ्या कानावर आलंच असेल, पण तिखटमीठ लावून. खरं काय झालं ते ऐक. जावयाचा प्रवेश आला, लोक त्या वाक्याची वाट बघत होते, मागून कोणीतरी ओरडलंसुद्धा, "दात दाखवा!" मी पुढे आले अन् नाटक थांबवलं. ऑर्गनवाला गोंधळला, त्यानं उगाच एक सूर धरला, त्याला हातानं थांबवलं. म्हटलं, मायबाप, मागल्या वर्षी मी तुमच्यासमोर खोटं बोलले. डॉक्टरीणबाईचा दात पक्का होता. मीच तिच्यापासून चोरून दातात लवंगेचं तेल भरत होते, त्या तेलानं तिची राळ कच्ची राहिली, तीन वेळा पडली ती माझ्या खोटेपणानं. चौथ्यांदा तिनं लावलेला हा बघा. अन् बोटानं दात वाजवून दाखवला. दादाजीभाऊंचं नाव मी घेतलं नाही, सगळं माझ्यावर घेतलं. तेवढा अभिनय मला येतो. पण माझ्या डोक्यातून गेलं होतं की ते मागल्या वर्षीसारखेच विंगेत उभे आहेत, अन् त्यांना हे आत्ता, याच वेळी, पहिल्यांदा कळतं आहे.

तेवढ्यात माझ्या डावीकडून कोणीतरी आलं. मला वाटलं प्रफुल एंट्रीच्या आधीच घाईनं आला. बघते तर तुझे बाबा. चाळीस वर्षांत ज्यांनी पडद्याच्या या बाजूला पाऊल टाकलं नाही, ते दादाजीभाऊ, मळक्या बनियनवर, खांद्यावर रंगाचा फडका, हातात तसाच ब्रश. उजेडाची सवय नाही, डोळे मिचकावत होते. माइकपाशी कसं उभं राहायचं तेही ठाऊक नाही, बाजूलाच उभे राहून बोलले, तरी मंडपात शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं, एवढं सगळं शांत होतं. म्हणाले, "बाई खोटी बोलून राह्यली. तेल मी लावलं. चाळीस वर्सं झाली, मी सगळ्याईले सांगतो, तेलकट गालावर मिशी टिकत नाई, आधी जागा कोरडी करा. अन् मीच पोरीच्या कामात तेल लावलं. तिचा दोष नाई." अन् ब्रश सांभाळत परत विंगेत गेले. कोणी टाळी वाजवली नाही गं. मग मागच्या ओळीतली एक म्हातारी उभी राहिली, मग तिच्या बाजूचे. मला पुढचं वाक्य आठवेना, प्रॉम्प्टरलाही सापडेना. तो प्रवेश आम्ही तसाच सोडून दिला.

दिनेश म्हणतो, जीपमध्ये आता वेगळंच बोलणं चालतं. पण पाटी अजून आहे, हेही तोच म्हणतो. तू जावं की राहावं हे सांगणारी मी कोण? नागपूरला तुझ्या शिक्षणाची कदर होईल, खरंच होईल. मला फक्त एवढं वाटतं की जायचं तर आपल्या मनानं जा, माझ्या वाक्यानं जाऊ नको. तुझ्या मावशीचा दात जेवढा घट्ट आहे, तेवढेच तुझे आभार माझ्या आत बसले आहेत. रंगमंचावर मी खूप रडले, पण हे लिहिताना जे होतं आहे ते कोणत्याच नाटकात झालं नव्हतं.

आता ते दुसरं कारण. दादाजीभाऊ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. काल मेकअप करता करता अचानक म्हणाले, "कुंता, दीपूले येक चिठ्ठी लिहून देशील? मले लिहाले जमत नाई." त्यांची उजवीकडची दाढ वर्षभरापासून किडली आहे, हे तुला माहीत नाही. तुझ्या खुर्चीत ते कधी बसले नाहीत, लेकीसमोर तोंड कसं उघडायचं म्हणून. आपल्याच सफेद्यानं अन् लवंगेनं वेळ मारून नेत होते. मी म्हटलं, चिठ्ठी कशाला, तुमचंच घर आहे, जा. तर म्हणाले, घर म्हणून नाही जायचं, बाकीचे पेशंट जातात तसं नंबर लावून जायचं, बाहेरच्या बाकावर बसायचं, सगळ्यांना दिसेल असं. अन् उपटून नाही घ्यायची, भरून घ्यायची. येत्या शनिवारचा नंबर हवा आहे त्यांना. शनिवारच का, म्हणून विचारलं तर बोटं मोजून दाखवली. स्टेजवरून उतरल्यापासून त्यांनी लवंगेला हात लावलेला नाही, दीपू. गाल सुजला आहे, भाकर पाण्यात कालवून खातात, दुखण्यानं डोळ्यांत पाणी येतं, अन् कोणी कुपी पुढे केली की ढकलून देतात. पंधरा दिवस शनिवारी पुरे होतात. आज अकरावा आहे. शनिवारपर्यंत दवाखाना उघडा ठेव.

तुझीच, घट्ट दाताची अन् सैल जिभेची,
कुंतामावशी